शपथेनंतरच्या सात आठवड्यांविषयी : जिल्हा नशामुक्त समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, आणि सर्व सदस्य,
जिल्हास्तरीय नशामुक्त भारत अभियान समिती,
महाराष्ट्रातील सर्व जिल्हे

महोदय, महोदया,

२६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, शाळेच्या मुलांची फेरी निघते, घोषणा होतात, शपथ होते, फोटो वर पाठवले जातात. त्याविषयी तक्रार करायला हे पत्र लिहिलेले नाही. फेरीने कुणाचे वाईट होत नाही. पण नशामुक्त भारत अभियान १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झाले, पुढे सगळ्या जिल्ह्यांत पोचले, आणि तरीही समितीच्या इतिवृत्तात 'प्रतिबंध' या शब्दापुढे अजून एकच आकडा येतो : किती जणांनी शपथ घेतली. आम्ही कुटुंबांसोबत व्यसनप्रतिबंधाची सत्रे चालवणारी माणसे आहोत. आमची मागणी एकच आहे. प्रतिबंधासाठी असलेल्या पैशातला मोठा वाटा मंडप, फलक आणि टी-शर्टांवरून काढून सत्र चालवणाऱ्या माणसावर लावा : त्याच्या निवडीवर, तयारीवर, वेळेवर आणि देखरेखीवर.

कुटुंबसत्र म्हणजे काय ते आधी सांगायला हवे, कारण कागदावर 'पालक मेळावा' आणि 'कुटुंबसत्र' एकाच रकान्यात पडतात. मेळाव्यात एक जण बोलतो आणि दोनशे जण ऐकतात. कुटुंबसत्रात आठ ते दहा कुटुंबे असतात, आणि तीच कुटुंबे सलग सात आठवडे, आठवड्यातून एकदा, दोन तास येतात. पहिला तास आईवडील एका खोलीत, मुले दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या तासाला सगळे एकत्र. पालकांसोबत एक सत्रचालक, मुलांसोबत दोन. मुले साधारण १० ते १४ वर्षांची, म्हणजे पाचवी ते आठवीतली. बहुतेकांनी अजून काही सुरू केलेले नसते, आणि आईबापाचे म्हणणे अजून कानावर पडत असते. हा साचा अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या विद्यापीठात १९९० च्या दशकात बसवला गेला. त्याआधी १९८०च्या दशकात युटामध्ये कॅरोल कंफर यांनी व्यसनी पालकांच्या मुलांसाठी चौदा सत्रांचा कार्यक्रम केला होता, त्याचे हे पुढचे रूप.

पालकांच्या तासात व्याख्यान नसते, वाक्ये घोटवून घेतलेली असतात. आई म्हणते, "तुला काही कळत नाही, बापावर गेलायस." सत्रचालक तिची चूक काढत नाही. त्याच प्रसंगाचे दुसरे वाक्य तिच्याकडूनच करून घेतो : "तू न सांगता गेलास की माझा जीव वर-खाली होतो. जाताना सांगून जात जा." मग जोडीदार बदलून तेच चार-पाच वेळा म्हणायचे, तोंडात बसेपर्यंत. पहिल्यांदा सगळे हसतात, हसू द्यावे. पुढच्या सत्रात घरचे नियम. नियम तीन किंवा चार, वीस नव्हे, आणि मोडला तर होणारी शिक्षा लहान, त्याच दिवशीची, खरोखर करता येईल अशी : आज संध्याकाळी क्रिकेट नाही, उद्या आहे. "पुन्हा त्या टपरीवर दिसलास तर तंगडी तोडीन" या शिक्षेची अडचण अशी की ती कुणीच अमलात आणत नाही, आणि मुलाला ते पहिल्यापासून ठाऊक असते.

त्याच वेळी पलीकडच्या खोलीत मुले नाही म्हणायला शिकत असतात. नुसते 'नाही म्हणा' असे सांगून काही होत नाही; मित्रही राखायचा असतो. म्हणून पायऱ्या असतात. आधी विचार, "जायचंय कुठे, करायचंय काय?" मग त्या गोष्टीचे खरे नाव घे : "हा मावा आहे." काय होईल ते सांग : "घरी कळलं तर माझं मैदान बंद." दुसरे काही सुचव. ऐकत नसेल तर निघ, पण दार उघडे ठेवून : "मी मैदानावर आहे, आलास तर ये." सरावाच्या वेळी आग्रह करणाऱ्या मित्राची भूमिका नेहमी सत्रचालकाने करावी. ती मुलाला दिली की ते पोर इतका फर्मास आग्रह करते की टाळ्या त्यालाच पडतात, आणि सराव भलत्याच गोष्टीचा होतो.

दुसऱ्या तासाला दोन्ही खोल्या एक होतात. घरचा नियम तिथे मुलाच्या देखत, मुलाशी बोलून ठरतो. मग आठवडाभर घरी तो पाळून बघायचा आणि पुढच्या वेळी काय फसले ते सांगायचे. कामाचा आठवडा तोच. म्हणूनच सात सत्रे 'सोयीसाठी' एका रविवारी उरकली की कार्यक्रमाचे फक्त नाव शिल्लक राहते. स्वीडनमध्ये हाच आयोवाचा कार्यक्रम नेताना मुलांचा बराचसा भाग शाळेच्या वेळात गेला आणि पालक-मुलांनी एकत्र बसण्याचा वेळ आक्रसला. तपासणीत परिणाम दिसला नाही. पोलंडमध्येही दिसला नाही. हे आपल्याला मुद्दाम सांगतो आहोत. पुस्तिका भाषांतरित करून वाटली की काम झाले, असे कुणी समितीला सांगत असेल तर ते खरे नाही. पुस्तिका चांगली असूनही काम फसते.

मराठीत आणताना नावे, खेळ, खाणे, सण, म्हणी सगळे बदलावे. वेगळा तास आणि एकत्र तास, सत्रांचा क्रम, करून बघण्याचा भाग आणि घरचा सराव यांना हात लावू नये. आणि काही गोष्टी परदेशी पुस्तिकेत असणारच नाहीत, त्या आपल्याला घालाव्या लागतात. पहिली गोष्ट पुडीची. आपल्याकडे कित्येक घरांत मुलाचा तंबाखूशी पहिला संबंध वाईट संगतीतून येत नाही. वडील किंवा आजोबा त्याला टपरीवर पुडी आणायला पाठवतात. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने बंद आहे, पण दुकानदार म्हणतो, "त्याच्या बापानं मागवलीय." दुसरी गोष्ट मशेरीची. आजी सकाळी मशेरी लावते, नातू शेजारी बसून तेच बोट दातांवर फिरवतो, आणि घरात तिला कुणी तंबाखू समजतच नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते, आणि त्यातले बहुतेक न ओढता, तोंडात ठेवून. म्हणून आमच्याकडे घरच्या नियमांतला पहिला नियम मोठ्यांसाठी असतो : मुलाला पुडी आणायला पाठवायचे नाही. वडिलांचे व्यसन सुटो न सुटो, हा नियम आजच्या आज पाळता येतो. पहिल्या आठवड्यात पाळता येण्याजोगे काहीतरी हाती पडले की माणसे दुसऱ्या आठवड्यालाही येतात.

आता सत्रचालकाच्या वेळेचा हिशेब. सत्र दोन तासांचे, पण तयारी दीड तास, खोली लावणे-आवरणे आणि नोंदी मिळून दीड. म्हणजे माणशी पाच तास. तिघे, सात सत्रे : १०५ तास. सुरू होण्याआधी दहा कुटुंबांच्या घरी दोघांनी जाऊन दीड-दीड तास बसायचे, ते ३० तास. आठवड्याला प्रत्येक घरी दहा मिनिटांचा फोन, त्याचे सात आठवड्यांत सुमारे १२. एका गटाला जवळजवळ दीडशे तास लागतात. मानधन मात्र 'प्रति कार्यक्रम' म्हणजे समोर दिसणाऱ्या दोन तासांचे धरले जाते. मग घरभेटी आधी सुटतात, कारण त्या कुणाला दिसत नाहीत, आणि घरभेट सुटली की तिसऱ्या आठवड्यापासून सतरंजी रिकामी दिसू लागते. मानधन गटाचे धरा, आणि घरभेट व फोन यांच्या तासांसह धरा.

माणूस कोण निवडायचा? पदवीवरून ठरवू नका. संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१८ साली प्रतिबंधाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची दुसरी आवृत्ती काढली. तिच्यातही चांगले प्रशिक्षण मिळालेला माणूस, मग औपचारिक पदवी असो वा नसो, कुटुंबसत्र चालवू शकतो असेच म्हटले आहे. आम्ही ज्या गोष्टी बघतो त्या अशा : समोरचा बोलत असताना हा गप्प बसू शकतो का? दारू पिणाऱ्या बापाविषयी त्याच्या मनात तिरस्कार आहे का? मुलाने आचरट उत्तर दिले तर चेहरा कसा होतो? बचतगट चालवलेल्या बायकांत अशी माणसे पुष्कळ सापडतात. आशाताईंवर मात्र हे काम कृपा करून ढकलू नका. त्यांच्या डोक्यावर आधीच किती नोंदवह्या आहेत ते आपल्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्याच शाळेतले वर्गशिक्षकही नकोत. मुलाचे गुण ज्यांच्या हातात, त्यांच्यासमोर मूल घरचे बोलत नाही.

पोलिसांचे व्याख्यान, आणि व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाची कहाणी, या दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत असतात. त्याच मानकांत, परिणाम न होणाऱ्या किंवा उलटा परिणाम होणाऱ्या प्रकारांत या दोन्ही गोष्टी नोंदल्या आहेत. भीती दाखवणारी माहिती आणि नुसते व्याख्यान यांचीही गणती तिथेच आहे. बरे झालेल्या माणसांबद्दल आम्हाला आदर आहे. उपचारात त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कुणाचा होत नाही. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणने ते महाराष्ट्राला दाखवून दिले आहे, आणि व्यसनी माणसाच्या बायकोला सोबत घेतल्याशिवाय उपचार पुरा होत नाही हेही. पण बारा वर्षांच्या पोराला त्या कहाणीतून ऐकू येते ते एवढेच : 'यानं सगळं केलं, आणि आता हार घालून स्टेजवर बसलाय.' अशा माणसाला सत्रचालक व्हायचे असेल तर इतरांसारखेच प्रशिक्षण घेऊन व्हावे. आपली कहाणी त्याने बाहेर ठेवावी.

माहितीचेही तसेच. कोणते रसायन कशात टाकून कसे हुंगतात, हे फलकावर रंगवून दाखवणारे प्रदर्शन आम्ही पाहिले आहे. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय अहवालानुसार, हुंगायची द्रव्ये हा एकच प्रकार असा आहे ज्याचे मुलांतले प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे. व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्युशन प्रत्येक गावात मिळते. त्याची कृती शिकवायला सरकारी फलक कशाला?

आणखी एक चूक चांगल्या हेतूने होते. शाळेकडून 'बिघडलेल्या' मुलांची यादी मागवायची आणि त्यांचाच गट करायचा. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये थॉमस डिशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की धोक्यातल्या पोरांना एकत्र बसवून चालवलेल्या गटांत तंबाखूचा वापर उलट वाढला. पोरे एकमेकांच्या फुशारक्यांना दाद देतात, त्याचा हा परिणाम. वर्गातली सगळ्या प्रकारची कुटुंबे मिसळून घ्या. त्यात ज्यांना जास्त गरज आहे ती आपोआप येतील, आणि गटाला येणे म्हणजे कपाळावर शिक्का बसणे, असेही कुणाला वाटणार नाही.

प्रशिक्षण किमान तीन पूर्ण दिवसांचे हवे, आणि त्यातला निम्मा वेळ प्रशिक्षणार्थ्यानेच इतरांसमोर सत्र चालवून दाखवण्याचा. त्यानंतर पहिल्या गटात सातपैकी दोन सत्रांना अनुभवी माणूस मागे बसलेला असावा. त्याने दोनच गोष्टी लिहिल्या तरी चालेल : ठरलेल्यापैकी कोणता भाग गाळला, आणि सत्रचालक किती वेळ बोलला. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बोलला असेल तर व्याख्यान सुरू झाले समजावे. हे सगळ्यांचे होते, अनुभवींचेही. गट शांत बसला की बोलून जागा भरायचा मोह होतो. शांतता दहा सेकंद सोसायला शिकवणे हा प्रशिक्षणाचा अवघड भाग आहे.

शपथेविषयी एक काळजीची गोष्ट, आणि ती समितीतल्या जिल्हा शल्यचिकित्सकांनी आवर्जून वाचावी. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने भर सभेत शपथ घेऊन एकदम दारू बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय थरथरणे, आकडी येणे, भ्रम होऊन समोर नसलेले दिसू लागणे, हे होऊ शकते, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. बायको-मुलांसमोर त्याच्याकडून 'आजपासून बंद' वदवून घेणे म्हणूनच आमच्या सत्रात नसते. कुणी आपणहून म्हटलेच, तर सत्रचालकाने त्याला बाजूला घेऊन रोज किती आणि किती वर्षे ते विचारावे, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सोबत जावे. प्रत्येक सत्रचालकाच्या वहीत जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता, तिथे खाट आहे का ते सांगणाऱ्या माणसाचा फोन, आणि १४४४६ (व्यसनमुक्ती), १४४१६ (मानसिक आरोग्य) व १०९८ (मुलांसाठी मदत) हे तीन क्रमांक लिहिलेले हवेत. वडील पिऊन सत्राला आले तर चारचौघांत हाकलायचे नाही. मुलांच्या खोलीतला एक सत्रचालक बाहेर येतो, चहा देतो, पुढच्या आठवड्याचे बोलतो, गाडी चालवू देत नाही. मुलांच्या नाट्यात कुणाचेही खरे घर उभे करायचे नाही, हा नियम आम्ही अशाच प्रसंगांमुळे कडक ठेवतो.

गुप्ततेची हद्द पहिल्याच दिवशी साध्या शब्दांत सांगावी : इथले बोलणे बाहेर जाणार नाही, पण मुलावर लैंगिक अत्याचार होतो आहे असे कळले तर आम्हाला पोलिसांना कळवावेच लागेल, पॉक्सो कायद्याने ते बंधनकारक आहे. आधी न सांगता मागून कळवले तर त्या वस्तीत दुसरा गट उभा राहत नाही. सांगून ठेवले असेल तर लोक समजून घेतात.

वेळापत्रक मंत्रालयातून एकच काढू नका. बीड आणि अहिल्यानगरच्या ऊसतोडीच्या गावांत दिवाळीनंतर आईबाप घरी नसतात. तिथे पेरणी झाल्यावर, जुलै ते सप्टेंबर हे दिवस बरे. ऊसतोडीचे सहा महिने मुले आजी-आजोबांकडे असतात, म्हणून 'पालक' या रकान्यात आजीचे नाव लिहिता आले पाहिजे. कोकणात जून-जुलै लावणीचे, तेव्हा कुणी येणार नाही. शहरी वस्तीत पाळीची नोकरी बघावी लागते. आणि संध्याकाळी सात ते नऊ सत्र ठेवले तर पावणेसातला खिचडी द्या. नाहीतर साडेआठला बायका चुलीसाठी उठतात, म्हणजे एकत्र तास अर्धाच राहतो. धाकट्या भावंडांना सांभाळायला एक माणूस वेगळा ठेवा. खाणे, मुलांची सोय, जाण्यायेण्याचा खर्च ही चैन नाही. वर उल्लेखलेल्या मानकांतच या गोष्टी सुचवल्या आहेत. लेखापरीक्षणात 'अल्पोपाहार' या शब्दावर लाल शेरा पडतो, तो पडू नये अशी तरतूद समितीने आधीच करून ठेवावी.

वडील येत नाहीत, ही सगळ्यांची अडचण. शाळेच्या चिठ्ठीने ते येत नाहीत. त्यांना वाटते मुलाची तक्रार आहे. घरभेट ते घरी असतानाच करावी, आणि "तुमच्या पोराविषयी तुमचं मत हवंय" असे म्हणून बोलवावे. पहिल्या सत्रात दोन वडील आले तर दुसऱ्या आठवड्याला तिसरा-चौथा येतो, आणि त्याला आणणारा पहिल्या दोघांपैकीच एक असतो. पंधरा घरांत बोलणे झाले तर दहा कुटुंबांचा गट बसतो, हा आमचा ठोकताळा आहे.

अहवालात काय मागायचे, तेही बदला. एकूण उपस्थिती मागितली की सत्रचालक दर आठवड्याला नवी माणसे गोळा करतो, आणि आकडा भरतो. त्याऐवजी विचारा : सुरुवात केलेल्या कुटुंबांपैकी किती कुटुंबे सातपैकी किमान पाच सत्रांना आली, जी गळाली ती कोणत्या आठवड्यात गळाली, ठरलेले किती भाग झाले. सुरुवातीला आणि शेवटी पालकांना तेच प्रश्न घाला : मूल संध्याकाळी कुठे असते ते कळते का, घरात ठरलेले नियम आहेत का, गेल्या आठवड्यात त्याचे कौतुक केले का. मुलाला 'तू काही घेतोस का' हा प्रश्न नाव लिहिलेल्या कागदावर कधीही विचारू नये. तो कागद शाळेच्या कपाटात पडून राहतो, आणि पुढे त्याचे काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. सातशे जणांची शपथ आणि सात कुटुंबांची सात सत्रे यांतला दुसरा आकडा बैठकीत वाचताना लहान वाटेल, हे आम्हाला मान्य आहे.

यंदा प्रत्येक तालुक्यात एकेक गट, एवढेच मागतो आहोत. त्यासाठीच्या आदेशात बाकी काही लिहा न लिहा, एक ओळ नक्की घाला. दोन खोल्या शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या लागतात, आणि संध्याकाळी सात वाजता त्यांची किल्ली कुणाकडे असते ते कुणालाच माहीत नसते. किल्ली कोण आणून देईल आणि नऊनंतर कुलूप कोण लावील, त्या माणसाचे नाव आदेशातच असू द्या.

आपले,
कुटुंबांसोबत व्यसनप्रतिबंधाचे काम करणारे सत्रचालक